थेट अध्यक्षीय भाषण

नगर जिल्ह्यातला कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही, आणि सुरू झाला तरी मुद्द्यावर येत नाही. आधी दीपप्रज्वलन. समईची वात पेटेना म्हणून तिघे-चौघे काडेपेटी शोधतात, तोवर फोटोग्राफरचं 'साहेब, इकडं बघा' चालू असतं. मग प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ. मग 'वेळेअभावी सर्वांचा नामोल्लेख करता येत नाही' असं सांगून केलेला सर्वांचा नामोल्लेख. त्यानंतर प्रास्ताविक. त्यात संस्थेची स्थापना, संस्थापकांचे कष्ट, दुष्काळातली कामगिरी. अध्यक्षांच्या हाती माइक येतो तेव्हा निम्मा मांडव जेवणाच्या रांगेत असतो. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली आमच्या प्रवरानगरला सुरू झाला. तेव्हापासून चौदा तालुक्यांत जेवढ्या सोसायट्या, पतसंस्था आणि दूध संघ निघाले, तेवढ्यांचे चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि संचालक धरले तर हे असंच होणार. आमची त्याबद्दल तक्रारही नाही. प्रास्ताविक चालू आहे म्हणजे अजून काही हुकलेलं नाही, या भरवशावर माणूस निवांत पान लावतो.

जुना कॉम्प्युटर याच संस्कारात वाढलेला होता. बटण दाबलं की आधी पंखा घरघरायचा. मग एकच बारीक 'टिट्'. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. वर बायोस बनवणाऱ्या कंपनीचं नाव, उजव्या कोपऱ्यात एनर्जी स्टारचं चिन्ह, प्रोसेसर कोण, मेमरी किती (तो आकडा शून्यापासून मोजत वर जायचा), हार्ड डिस्क आली का, सीडी ड्राइव्ह हजर का, की-बोर्ड कुठं आहे. सगळ्यांचा नामोल्लेख. आणि तळाला एक ओळ: सेटअपमध्ये जायचं असेल तर डिलीट दाबा. तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटीच्या क्लासात चपला बाहेर काढून बसलेली पोरं हे पान आदरानं बघायची, आणि सर म्हणायचे, "कोणी हात लावायचा नाही, त्याचं त्याला चालू होऊ द्या."

या बायोसचा इतिहासही आमच्या सहकाराला शोभेल असा आहे. आयबीएमनं ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पीसी बाजारात आणला. यंत्र जागं करून सगळ्या सुट्या भागांची हजेरी घेणारी ही छोटी प्रणाली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होती, आणि तिचा अख्खा मजकूर आयबीएमनं तांत्रिक पुस्तिकेत छापूनही टाकला होता. पण तो वाचून कुणी तसंच यंत्र काढलं तर नक्कल केल्याचा दावा ठरलेला. म्हणून कॉम्पॅक कंपनीनं ती पुस्तिका न वाचलेली माणसं मुद्दाम निवडली आणि त्यांच्याकडून बायोस नव्यानं लिहून घेतला. छापलेला मजकूर न वाचलेली माणसं शोधायला त्यांना किती त्रास पडला असेल! आमच्याकडं आले असते तर वार्षिक अहवाल न वाचलेले सभासद ट्रक भरून दिले असते.

तर हे पहिलं पान आता दिसेनासं झालं आहे. राहुरी तालुक्यातल्या एका गावात माझे दाजी दूध संकलन केंद्र चालवतात. तिथल्या नव्या कॉम्प्युटरनं पहिल्या दिवसापासून प्रास्ताविकाला फाटा दिला. बटण दाबलं की पडदा काळा, आणि काळ्यातून एकदम विंडोजची खिडकी. थेट अध्यक्षीय भाषण. दाजींचा फोन आला, "पाव्हणं, मशीन चालतंय चांगलं, पण पहिलं पानच दाखवना. आतून काही गेलं असंल का?"

चालणाऱ्या मशिनीबद्दल तक्रार करणारा माणूस वेडा वाटेल, म्हणून केंद्राची परिस्थिती सांगतो. पत्र्याची शेड. पहाटे साडेपाचला माणसं किटल्या आणि कॅन घेऊन येतात. दूध काट्यावर जातं, चमचाभर नमुना तपासणीच्या मशिनीत जातो, फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पडद्यावर येतात. गाईचं दूध साडेतीन-साडेआठला लागलं तर ठरलेला भाव, पॉइंट घसरला की पैसे कापले. मग प्रिंटर किरकिरतो आणि बोटभर कागदाची स्लिप बाहेर येते. ती स्लिप दोनदा वाचून, घडी घालून, खिशात घालून वरून थोपटल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. बाहेर उसाची शेतं, उसात बिबटे. अंधारात पुन्हा हेलपाटा घालायची कुणाची तयारी नसते. आणि नेमकी अशा वेळी लाइट जाते. आमच्याकडं लाइट जाण्याला कारण लागत नाही, येण्याला लागतं.

त्यात दाजींनी सीपीयू लोखंडी पेटीत कुलूपबंद करून ठेवलेला. मागच्या यंत्रात उंदरांनी संसार थाटला होता, तेव्हापासून ही व्यवस्था. किल्ली दाजींच्या करदोड्याला. दाजी लग्नाला गेले आणि लाइट येऊन-जाऊन झाली की कॉम्प्युटर बंद राहतो, बटण पेटीत, किल्ली लग्नात, आणि बाहेर किटल्यांची रांग. कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानातल्या पोरानं फोनवर उपाय सांगितला होता: "काही नाही, बायोसमध्ये जायचं, पॉवर गेल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, ते ऑन करायचं." उपाय शंभर टक्के बरोबर होता. बायोसमध्ये जायचं कसं, ते पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, आणि पहिलं पानच येत नव्हतं.

दाजींचा आधीचा कॉम्प्युटर याच्या बरोबर उलट होता. तो पहिल्या पानावरून पुढं सरकायचाच नाही. त्याच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२ म्हणतात तो, संपलेला होता. वीज बंद असताना घड्याळ आणि सेटिंगं याच तीन व्होल्टच्या सेलवर जिवंत राहतात. रोज रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या शिस्तीच्या घरात हा सेल लवकर संपतो, कारण रात्रभराचा सगळा भार त्याच्यावर. तो संपला की यंत्राला तारीख आठवत नाही. ते पहाटे विचारणार, घड्याळ चुकलंय, एफ-वन दाबा. दाबलं की चालू, पण तारीख कुठल्या तरी जुन्या एक जानेवारीची. इंटरनेट असेल तर दुरुस्त होते, पण पहाटे साडेपाचला इंटरनेटही झोपलेलं. एकदा पन्नासेक जणांना पंधरा वर्षांपूर्वीच्या तारखेच्या स्लिपा गेल्या. बहुतेकांनी दुरुस्त करून मागितल्या. एका म्हातारबांनी मात्र स्लिप जपून ठेवली आणि पगाराच्या दिवशी शांतपणे म्हणाले, "एवढी वर्षं पैसं वापरलं, आता व्याजाचं काय ते बघा."

मी गेलो तेव्हा संध्याकाळचं दूध चालू होतं. कॉम्प्युटर बघायला माणूस आलाय म्हटल्यावर मंडळी किटल्या रांगेत ठेवून आत आली. रोगनिदान सुरू झालं.

"व्हायरस असंल."

"एसएमपीएस बसला असंल. लाइट खाली-वर होते आपल्याकडं."

"रॅम काढा आन् खोडरबरनं घासा."

या शेवटच्या सूचनेला हसू नये. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ आणि ओल बसते, संपर्क सुटतो, आणि मेलेली समजलेली यंत्रं दोन रुपयांच्या खोडरबरनं उठून बसलेली मी पाहिली आहेत. पण हे यंत्र मेलेलंच नव्हतं, जास्तच जिवंत होतं. तेवढ्यात मागून सर्वमान्य इलाज आला, "विंडो मारा." आमच्या जिल्ह्यात कॉम्प्युटरचं काहीही दुखलं, प्रिंट फिकी आली, माऊस अडखळला, तरी विंडो मारतात. मारणारा तीनशे रुपये घेतो, आधीचे सगळे फोटो घालवतो, आणि जाताना वॉलपेपरला निसर्गचित्र लावून जातो. पण पहिलं पान दाखवणारी प्रणाली मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. डिस्कवरची विंडोज पुसून नवी घातली म्हणून चिप सुधारत नाही.

दाजींचा पुतण्या एमएस-सीआयटी झालेला. त्यानं पडदा काळा होताच डिलीट ठोकायला सुरुवात केली. की-बोर्डवर प्लास्टिकचं आवरण, त्यावर दुधाळ बोटांचा पांढरट थर, आणि त्या थरात डिलीटच्या जागी आता स्वच्छ गोल. एवढी ती कळ आधीच ठोकून झाली होती. "एफ-टू बघ," कुणीतरी म्हणालं. "एफ-टेन." सगळ्या सूचना योग्यच होत्या, कारण ही कळ कंपनीगणिक बदलते, डेलला एफ-टू, एचपीला एफ-टेन, सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रांना बहुधा डिलीट. पुतण्यानं मग सगळ्याच कळा एकदम दाबल्या. विंडोज आली आणि कळांचा खुर्दा झालेला पाहून तिनं मदत हवी आहे का विचारलं.

मी कळांकडं पाहत नव्हतो, की-बोर्डच्या कोपऱ्यातल्या नम लॉकच्या हिरव्या दिव्याकडं पाहत होतो. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. बटण दाबल्यावर तो दिवा कधी लागतो ते बघायचं. इथं तो विंडोजच्या खिडकीबरोबर लागत होता. म्हणजे पुतण्या ज्या काळात जीव तोडून डिलीट ठोकत होता, त्या काळात की-बोर्डला मुळात ओळखच मिळालेली नव्हती. ठोकणारा आणि ऐकणारा यांची भेटच होत नव्हती. नव्या मदरबोर्डवर फास्ट बूट, अल्ट्रा फास्ट बूट अशी सेटिंगं असतात. त्यांत यंत्र यूएसबीला जोडलेल्या गोष्टींची ओळखपाळख सोडून देतं आणि ते काम विंडोजवर ढकलतं. गोल टोकाचा जुना पीएस-टू की-बोर्ड असेल तर कधी कधी काम होतं, म्हणून जाणकार दुरुस्तीवाला असा एक कळकट की-बोर्ड पिशवीत ठेवून असतो आणि तो कुणाला देत नाही.

दुसरा आरोपी पडदा स्वतः होता. पैसे वाचवायला दाजींनी जुनाच मॉनिटर ठेवलेला, आणि नव्या सीपीयूला त्याची पिन नसल्यानं मध्ये एक कन्व्हर्टर. बटण दाबलं की मॉनिटर आधी 'नो सिग्नल'ची पाटी दाखवणार, मग सिग्नल कुठून येतोय ते चाचपणार, मग उजळणार. त्याला यात तीन-चार सेकंद लागत होते. एसएसडी बसवलेल्या यंत्राचं प्रास्ताविक त्याच्या आधीच उरकलं असेल, तर ते अंधारात होऊन गेलं. म्हणून पहिलं पान दिसत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी दुसरा मॉनिटर लावून बघायला सांगतो. निम्म्यांचं तिथंच मिटतं.

आता एवढी घाई कुणाला होती, हा प्रश्न शेडमधल्या मंडळींनीही विचारला. ती घाई २०१२ ची आहे. विंडोज ८ आली तेव्हा यंत्र चटकन चालू झालं पाहिजे अशी शर्यत लागली होती. जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय ही नवी प्रणाली स्थिरावत होती (नाव बदललं तरी लोक बायोसच म्हणतात, कागदावर अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगर बसलंय, तसं). शर्यत इतकी यशस्वी झाली, की कळ दाबायला माणसाला मिळणारी सवड काही यंत्रांत २०० मिलिसेकंदांच्याही खाली गेली. म्हणजे डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोवर संधी गेली. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी हे स्वतःच जाहीर लिहिलं. त्यांच्यातल्या चपळातल्या चपळ माणसालाही एकच कळ सेकंदाला चारदाच ठोकता येत होती. म्हणजे कळ लागली तर नशीब. यंत्र माणसापेक्षा हुशार होईल तेव्हा होईल, उतावळं आधीच झालं.

शिवाय विंडोज तेव्हापासून एक लबाडी शिकली आहे. 'शट डाऊन' केलं की ती पूर्ण बंद होत नाही. गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तिथूनच पुढं चालू करते. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. खरंखुरं बंद होऊन नव्यानं सुरू व्हायचं तर 'रिस्टार्ट' द्यावा लागतो. "म्हंजी बंद केलेलं बंद नसतं आन् चालू केलेलं चालू नसतं," म्हातारबा म्हणाले. त्यांची शेतीपंपाची मोटर आठवडाभर दिवसाच्या आणि आठवडाभर रात्रीच्या पाळीला बांधलेली. त्यांना यात नवीन काही वाटलं नाही.

उपाय मात्र साधा निघाला, आणि तो कळ ठोकण्याचा नव्हताच. विंडोज नीट चालू होऊ दिली, शिफ्ट दाबून धरलं आणि 'रिस्टार्ट'वर क्लिक केलं. निळं पान आलं. त्यात ट्रबलशूट, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज, आणि पुन्हा रिस्टार्ट. प्रास्ताविक ऐकायचं असेल तर आता अध्यक्षांकडंच अर्ज करावा लागतो, अशी ही नवी पद्धत आहे. विंडोजच चालू होत नसेल तर डिस्कची वायर काढून यंत्र चालू करावं. पुढं जायला वाटच नाही म्हटल्यावर बहुतेक यंत्रं निमूट बायोसमध्ये येऊन थांबतात. तेही जमलं नाही तर भिंतीतली पिन उपसून नाण्याएवढा सेल थोडा वेळ काढून ठेवायचा. सगळी सेटिंगं कारखान्यातून आली तशी होतात, आणि बोर्ड स्वतःहून विचारतं, एफ-वन दाबा.

पान आलं आणि शेडमध्ये कुजबुज झाली. कारण ते काळं-पांढरं नव्हतं. रंगीत होतं, माऊस चालत होता, एका कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान, एकीकडं पंखा मिनिटाला किती फिरतोय ते. दाजी म्हणाले, "एवढं सगळं हाय, आन् दाखवत नव्हतं?" त्यांना प्रत्येक कप्पा उघडून हवा होता. पंख्याचा वेग कमी-जास्त करून बघायचा होता. आपण पैसे मोजलेल्या वस्तूत आपल्याला न दाखवलेल्या खोल्या आहेत, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मी त्यांना बाहेर ओढून काढलं आणि वीज गेल्यानंतरचं सेटिंग शोधलं. हे प्रत्येक बोर्डावर वेगळ्या नावानं, वेगळ्या कप्प्यात दडलेलं असतं. तीन पर्याय असतात: वीज आल्यावर बंदच राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. यावर सभा भरली. म्हातारबांचं मत पडलं, आधी होता तसा व्हावा, त्यात सगळ्यांचा मान राहतो. पुतण्या म्हणाला, आधी बंद असताना लाइट गेली तर मग बंदच राहणार, किल्ली लग्नात. बहुमतानं 'चालू हो' मंजूर झालं. त्याच बैठकीत फास्ट बूट बंद केलं, कंपनीचं बोधचिन्ह झाकलं म्हणजे मागची अक्षरं दिसतील, आणि पहिलं पान काही सेकंद थांबावं असं सेटिंग होतं, तेही वाढवलं. दाजींनी लगेच पाच म्हटलं. तीनवर तडजोड झाली.

मग मेन स्विच पाडला. अंधार. कुणाची तरी किटली पायाला लागून वाजली. स्विच वर केला. पेटीतला पंखा घरघरला, नम लॉकचा दिवा आधी लागला, आणि मॉनिटर जागा होईस्तोवर ते पान त्याची वाट बघत थांबलं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, की-बोर्ड. सगळ्यांची हजेरी. तळाला डिलीटची ओळ. "हां," म्हातारबा म्हणाले, "आता हे मशीन वाटतंय."

यंत्र पूर्वीपेक्षा चार-पाच सेकंद उशिरा चालू होऊ लागलं. दुकानातल्या पोराला हे कळल्यावर तो हळहळला; स्पीड मारला म्हणाला. मला त्याच्या हळहळीचं कौतुक वाटतं, पण पटत नाही. जिथं 'सर्व्हर डाऊन'ची पाटी वाचत माणूस दुपार घालवतो, फीडरवर फॉल्ट असला की रात्र घालवतो, तिथं पहाटेचे पाच सेकंद वाचवून ते ठेवायचे कुठं? बँकेत एवढी कमी मुदतीची ठेवही घेत नाहीत. संकलन केंद्र, सेतू, पतसंस्था, शाळा, जिथं यंत्र एका माणसाचं नसून रांगेचं असतं, तिथं फास्ट बूट बंदच असलं पाहिजे.

तेव्हा नवा कॉम्प्युटर घेणार असाल तर बिल व्हायच्या आधी दुकानातच बायोस उघडून दाखवायला सांगा. वीज आल्यावर चालू होण्याचं सेटिंग तिथंच करून घ्या, आत जायची कळ कोणती ते विचारून सीपीयूच्या डब्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, आणि एक सीआर २०३२ सेल जादा मागून घ्या. तो पन्नासच्या नोटेत येतो.